बाही लांब, मजुरी आखूड

विरार लोकल, लेडीज डबा, सकाळची वेळ. म्हणजे श्वास घ्यायलाही रिझर्व्हेशन लागावं अशी अवस्था! तरीही मी बॅगेतून नवा टॉप काढलाच. मोबाईलवर सेल लागला होता, रात्री साडेबाराला ऑर्डर टाकली, तिसऱ्या दिवशी पार्सल दारात. किंमत? फक्त २९९. हे सांगताना माझा चेहरा म्हणे ऑलिम्पिक मेडल मिळाल्यासारखा झाला होता.

मैत्रिणीने टॉप हातात घेतला, उलटा केला आणि आतली शिवण बघायला लागली. मग म्हणाली, "हा जिने शिवला, तिला यातले किती मिळाले असतील गं?"

आता तुम्हीच सांगा, सकाळी आठ वाजता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "यार, तू ना, देवळात जाऊन जाऊन बिघडलीस." (वसईतले ख्रिस्ती लोक चर्चला सर्रास देऊळ म्हणतात. मी इथे भाड्याने राहायला आल्यावर सुरुवातीचे दोन महिने माझा जाम गोंधळ उडायचा.) ती हसली. "देवळात नाही शिकवत हे. तिथे बाहीची लांबी शिकवतात."

तर ही आमची वसईची कॅथलिक मैत्रीण. वय अठ्ठावीस. घरात सामवेदी बोलते, ट्रेनमध्ये मराठी, ऑफिसात इंग्लिश. लोअर परळला एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरी. जीन्स, स्नीकर्स, लालभडक लिपस्टिक आणि गळ्यात बारीक चेनमध्ये छोटासा क्रॉस. रविवारची मिस्सा सहसा चुकवत नाही. 'कॅथलिक मुलगी' म्हटलं की आपल्या डोक्यात हिंदी सिनेमाने भरलेला एक टिपिकल फोटो असतो. १९७३ साली 'बॉबी' आला आणि फ्रॉक घातलेली, मोकळी-ढाकळी मुलगी म्हणजेच ख्रिश्चन मुलगी, हे समीकरण पक्कं झालं. वसईत एक रविवार काढा, फोटो फाटून जाईल. देवळाबाहेर तुम्हाला पंजाबी ड्रेस दिसतात, साड्या दिसतात, गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक दिसतात आणि एखाद्या आजीच्या अंगावर कुपारी समाजाचं लाल लुगडंही दिसतं. सोबत सोनं. भरपूर सोनं.

बाहीचा किस्सा असा. बऱ्याच चर्चमध्ये दाराशी एक पाटी असते : नीटनेटके कपडे घालून या, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकातही हाच नियम आहे, उघडे खांदे घेऊन आलात तर दारातूनच परत. नियम तसा बायका-पुरुष दोघांनाही. पण पाटीपाशी अडवलं कोणाला जातं? मैत्रिणीला लहानपणी एका बाईंनी असंच अडवलं होतं. स्लीव्हलेस फ्रॉक, मे महिना, वय वर्षं बारा. आईने तिच्या खांद्यावर स्वतःचा रुमाल टाकला आणि आत नेलं. "त्या दिवशी मिस्सेत काय वाचलं ते आठवत नाही. पण तो रुमाल आठवतो. त्यावर मोर होता," ती म्हणते.

मोठी झाल्यावर हिने काय केलं असेल? सरळ बायबल उघडलं. बायकांच्या साधेपणाबद्दल जे वचन नेहमी तोंडावर फेकलं जातं ते आहे संत पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात. तिथे म्हटलंय काय? बायकांनी शालीन पेहराव करावा आणि केसांचा थाटमाट, सोनं, मोती, महागडी वस्त्रं यांनी स्वतःला सजवू नये. बाहीचा उल्लेखच नाही! आक्षेप आहे तो श्रीमंतीच्या प्रदर्शनावर. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "माझा स्लीव्हलेस कुर्ता पास आणि आमच्या लग्नांतल्या अर्ध्या बायका नापास." हे वाक्य तिने घरी जेवताना म्हटलं. त्यानंतर दोन दिवस आई तिच्याशी बोलत नव्हती.

खरं सांगायचं तर कपड्यांच्या बाबतीत चर्चने स्वतःचे नियम अनेकदा बदलले आहेत. बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं, असं १९१७ च्या चर्च कायद्यात लेखी होतं. मुंबईतल्या जुन्या फोटोंत डोक्यावर लेसची ओढणी घेतलेल्या ज्या आज्या दिसतात ना, त्या फॅशन म्हणून नव्हत्या. १९७६ मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की ही प्रथा आता बंधनकारक नाही आणि १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम आलंच नाही. झालं. सहासात दशकं ज्याच्याशिवाय देवळात पाऊल टाकता येत नव्हतं ते लेसचं कापड कपाटात गेलं. मजा म्हणजे आज काही तरुण मुली ते स्वतःहून पुन्हा घेतायत. का? कोणी सांगितलं म्हणून नाही, आवडतं म्हणून.

आणि गोव्यात तर उलटाच प्रकार. तिथल्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये फर्मान काढलं : स्थानिक ख्रिस्ती बायकांनी चोळी घालू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये. कारण ते 'हिंदू' दिसतं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या बायकांना श्रद्धेच्या नावाने कपडे उतरवायला आणि चढवायला सांगणारे होतेच. पण बायकाही काही कमी नव्हत्या. गोव्यात कुणबी बायकांनी चौकड्यांची लाल साडी टिकवली. ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती, तेव्हा वेन्डेल रॉड्रिक्सने ती विणून घेऊन रॅम्पवर आणली. वेन्डेल हा गोव्याचाच कॅथलिक डिझायनर. त्याने गोव्याच्या पेहरावाचा इतिहास 'मोडा गोवा' या पुस्तकात लिहिला, २०१४ मध्ये पद्मश्री मिळवली आणि २०२० मध्ये तो गेला. आमच्या वसईवरही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचंच राज्य होतं, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. तरी लुगडं राहिलंच की.

हे सगळं ट्रेनमध्ये ऐकताना मला वाटलं, चला, कॉलम झाला. धर्म, बायका, बाही, बंड. छान चटपटीत. पण मैत्रीण पुन्हा त्या २९९ वर आली.

तिचा फंडा असा : पाटीवर खांदे-गुडघे असतात, पण कॅथलिक शिकवणीत कपड्यांबद्दल जी खरी कडक गोष्ट आहे ती पाटीवर कधीच नसते. ती आहे मजुरी. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात काही पापं अशी दिली आहेत ज्यांचा आक्रोश थेट स्वर्गापर्यंत पोचतो. खून त्यात आहे. आणि त्याच यादीत मजुराला त्याच्या मजुरीत फसवणं आहे. म्हणजे भावाला मारणारा काइन आणि शिंप्याचे पैसे बुडवणारा शेजारीशेजारी! आणखी एक, दोघांनी मान्य केलं म्हणून मजुरी आपोआप न्याय्य होत नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. गरजू माणूस कशालाही हो म्हणतोच. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढलं त्यातही हाच मुद्दा होता. २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्यामागे त्या जुन्या परिपत्रकाची आठवण आहे, हे स्वतः सांगितलं.

याकोबाच्या पत्रात तर कपडे आणि मजुरी एकाच दमात येतात. पाचवा अध्याय. श्रीमंतांना तो आधी सांगतो की तुमच्या वस्त्रांना कसर लागली आहे आणि दोनच ओळींनी बजावतो की तुम्ही अडवलेली मजुरी ओरडते आहे. कसर लागण्याइतके कपडे कपाटात पडून आणि मजुराचे पैसे अडलेले... माझ्या कपाटाचं नाव घेतल्यासारखंच वाटलं मला. माझ्याकडे अकरा टॉप असे आहेत ज्यांची लेबलंसुद्धा निघालेली नाहीत. मोजले मी. चौथ्या शतकातल्या संत बेसिल यांच्या प्रवचनात तर न वापरता टांगून ठेवलेला अंगरखा हा उघड्या माणसाचा आहे, असा आशय येतो. बेसिल यांनी सेल बघितला नव्हता, म्हणून एकाच अंगरख्यावर थांबले.

"पण मी कोणाची मजुरी अडवली?" मी वैतागून विचारलं. "मी तर पूर्ण २९९ भरले."

तेव्हा ती राना प्लाझाबद्दल बोलली. ढाक्याजवळच्या सावार इथली आठ मजली इमारत. २४ एप्रिल २०१३ ला कोसळली. ११३४ माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या कामगार आणि त्यातही बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं. शिवणवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. "बँकवाले घरी गेले," ती म्हणाली. "मी बँकेत आहे. तो दिवस मी विसरू शकत नाही." आठवड्याभरात, १ मे ला, पोप फ्रान्सिस सकाळच्या मिस्सेत या कामगारांच्या महिन्याच्या ३८ युरो पगाराबद्दल बोलले आणि त्यांनी त्याला गुलामी म्हटलं. पुढे २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी खरेदी हा नुसता पैशांचा नसून नीतीचा व्यवहार आहे, या पोप बेनेडिक्ट यांच्या मुद्द्याला पुन्हा पुढे आणलं. बांगलादेशात शिवणकामाचं किमान वेतन २०२३ च्या डिसेंबरपासून १२,५०० टका झालं. महिन्याला. कामगार त्याच्या जवळपास दुप्पट मागत होते.

आणि हे फक्त तिकडे, असंही नाही हं. तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची पद्धत होती. गरीब घरच्या कोवळ्या मुली, तीन वर्षांचं काम, हॉस्टेलमध्ये राहायचं आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे. मधेच आजारी पडून सोडलं तर ती रक्कम बुडायची. २०११ च्या सुमारास यावर अहवाल आले तेव्हा युरोपातले ब्रँड हडबडले. काय नाव आहे बघा, सुमंगली! याकोबाने लिहिलेली अडवलेली मजुरी याहून वेगळी काय असते?

मग काय करायचं? खादी-लिननचे सहा-सहा हजारांचे कुर्ते घालायचे? एथिकल म्हणून विकल्या जाणाऱ्या दुकानांत मी गेले आहे. तिथला सेल्समन माझ्या चपलांकडे बघून दर सांगतो. मैत्रिणीलाही तो प्रकार पटत नाही. तिचं म्हणणं, साधेपणा विकत घ्यावा लागला की काहीतरी चुकलंच. तिची पद्धत अगदी घरगुती आहे. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपवासकाळात, एकही कपडा घ्यायचा नाही. बाकीचे लोक मटण सोडतात, ही अ‍ॅप डिलीट करते. एरवी नवीन कपडा घ्यायचा तर जुना एक कोणाला तरी द्यायचा आणि तोही घालण्यासारखा असला पाहिजे. फाटकं दिलं तर ते दान नाही, कचरा काढणं झालं. आणि जमेल तितकं गावातल्या शिवणाऱ्या मावशींकडून शिवून घ्यायचं. गुड फ्रायडेचा पांढरा ड्रेस सहा वर्षं तोच आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी असं करतात का? छे! बहुतेकजणी तुमच्या-माझ्यासारख्याच सेलमध्ये असतात. नाताळच्या आधी वसई-वांद्र्याच्या दुकानांत जाऊन बघा.

मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटली ती मदर तेरेसांच्या साडीची गोष्ट. १९४८ मध्ये त्यांनी लोरेटोच्या नन्सचा पोशाख सोडला आणि निळ्या काठांची साधी पांढरी साडी नेसली. त्यांच्या सिस्टर्सकडे साड्या तीनच. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती साडी विणतं कोण? कोलकात्याजवळच्या टिटागढमध्ये 'गांधीजी प्रेम निवास' आहे, तिथे कुष्ठरोगातून बाहेर पडलेली माणसं मागावर या साड्या विणतात. ज्यांच्या हाताचं पाणी कोणी पीत नव्हतं त्यांच्या हातचं कापड रोज अंगावर! २०१६ मध्ये मदरना संतपद मिळालं आणि त्याच वर्षी त्या निळ्या काठांच्या डिझाइनचा ट्रेडमार्कही नोंदला गेला. जगातल्या किती डिझायनर साड्यांच्या विणकरांचा पत्ता तुम्हाला असा एका वाक्यात सांगता येतो?

असो. खरी परीक्षा अजून यायची होती. मैत्रिणीचं लग्न ठरलं, जानेवारीत. म्हणजे नाताळ आटपल्यावर आणि उपवासकाळ लागायच्या आत. गाऊन हवा. मोबाईलवर मण्यांचा, लेसचा गाऊन साडेसहा हजाराला दिसत होता. शिवणाऱ्या मावशींनी नुसत्या शिलाईचे बारा हजार सांगितले. कापड वेगळं. पंधरा दिवसांचं काम, मणी हाताने लावायचे. पूर्वी गोव्यात नवरीचा लाल 'सादो' शिवायला शिंप्याला घरी बोलवत. कापडाला पहिली कात्री लागली की फटाके वाजत, पाहुण्यांचं तोंड गोड होई. शिंपी म्हणजे त्या दिवशीचा पाहुणाच. वसईत फटाके नव्हते, पण मीही गेले होते मैत्रिणीबरोबर मावशींकडे आणि पुढे जे झालं ते फटाक्यांपेक्षा कमी नव्हतं.

तिच्या आईने नेहमीसारखा भाव करायला घेतला. "आठ हजार घ्या, आपल्याच पोरीचं लग्न आहे." मावशी मान हलवणारच होत्या, इतक्यात ही मधे बोलली, "आई, नको. आठ हजार म्हणजे दिवसाला ५३३ रुपये झाले. त्यात गवंडीसुद्धा येत नाही."

आईचा चेहरा पडला. "म्हणजे मी काय कोणाला लुबाडतेय? चाळीस वर्षं भाव करून संसार केला, तुझी फी भरली. भाव करणं पाप असतं का गं?"

मैत्रीण गप्प. मला वाटलं, संपलं. आता कुठे याकोब आणि कुठे बेसिल! समोर आई आहे आणि आईने खरंच पैपै वाचवून हिला शिकवलंय. काटकसर हीसुद्धा तिच्या आईची श्रद्धाच आहे. आणि खरं सांगू का, त्या क्षणी मी आईच्या बाजूने होते. अठरा हजारांच्या फोनवरून न घासता पैसे भरणारी मी, भाजीवालीकडे मात्र कोथिंबीर फुकट मागते.

तिढा सोडवला मावशींनी. म्हणजे वाढवला म्हणा. त्या मैत्रिणीवरच चिडल्या. "तू माझी दया करतेस का? तुझा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा ड्रेस मी शिवलाय. मी ठरवीन काय घ्यायचं ते." मग मशीनवरचा कपडा बाजूला करत त्यांनी निकाल दिला : "अकरा हजार. आणि बाही मी सांगीन तशी."

मैत्रीण म्हणाली, "बारा. आणि बाही कोपरापर्यंतच."

आई म्हणाली, "मनगटापर्यंत. फादर काय म्हणतील?"

पंधरा मिनिटं बाहीवर गेली. शेवटी पैसे बारा हजार, बाही मनगटापर्यंत पण लेसची, आतलं दिसणारी. अर्धे पैसे मैत्रिणीने तिथेच मोबाईलवरून पाठवले. मावशींचा फोन टिंग वाजला तेव्हा आईने खिडकीबाहेर बघितलं. परत येताना रिक्षात कोणीच बोललं नाही. मग आईच म्हणाली, "दुसऱ्या दिवसाला आजीचं लुगडं नेस. त्याला शिलाई पडत नाही." ती रागावून म्हणाली की गंमत म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मैत्रिणीला लुगडं नेसता येत नाही, ही वेगळीच भानगड. रविवारी मिस्सेनंतर तिची आत्या शिकवायला येते आणि पहिल्या तीन रविवारी ते कमरेवर टिकलेलंच नाही.

निघताना मी मावशींना हळूच विचारलं होतं, मलाही लग्नासाठी एक ब्लाउज शिवून द्याल का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नाताळचे फ्रॉक आहेत, हिचा गाऊन आहे. जानेवारीशिवाय हात रिकामा नाही."

"पण लग्न जानेवारीतच आहे," मी म्हटलं.

"मग घरात असेल तो घाल," मावशी म्हणाल्या. "सैल झाला असेल तर आण, टीप मारून देते. पन्नास रुपये."

मी भाव केला नाही.